पाशाचं पथ्य

हैदराबाद आणि सिकंदराबाद ही दोन्ही शहरं पालथी घातलीत, तरी स्वतःच्या पोटाविषयी आमच्या मामेसासऱ्यांइतकं मनापासून बोलणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. चार माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात, मामा पोटापासून सुरू करतात आणि बहुधा तिथेच संपवतात. "काय मामा, बरे ना?" असं त्यांना सहज म्हणून कुणी विचारत नाही, विचारायचंच असेल तर जवळपास बसायला जागा आहे ना, हे आधी बघून घेतात. उभा जन्म त्यांनी सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढला, त्यामुळे समोर आलेला प्रत्येक पदार्थ त्यांना पार्सलसारखाच दिसतो. हे कुठून आलं, कधी निघालं, वाटेत कुणाकुणाचे हात लागले, याची चौकशी झाल्याशिवाय ते घास उचलत नाहीत. अख्खं शहर बिर्याणीवर जगत असताना हा माणूस मुगाच्या खिचडीवर सत्तरी ओलांडून गेला. लग्नाकार्याला जाताना मऊ भाताचा डबा सोबत नेतात. नामपल्लीच्या एका लग्नात मुलीचे वडील त्यावरून रुसले, तेव्हा मामांनी डबा उघडता उघडता त्यांची समजूत घातली, "तुमचा राग संध्याकाळी उतरंल. माझं पोट धरून बसलं की आठवडा सोडत नाही." मैदा, चहा आणि बाहेरचं दूध या तिघांना आपण तरुणपणीच सोडलं, असं ते अभिमानाने सांगत, आणि आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की आमच्या घरी त्यांच्यापुढे चहा ठेवायचं कुणाच्या मनातही येत नसे.

मामी गेल्यावर ते सिकंदराबाद सोडून कुकटपल्लीला, आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले. भाचीचं घर जवळ, एवढाच हेतू. पण आमच्याकडे त्यांचं खरं सूत जमलं ते भाचीशी नाही आणि माझ्याशी तर नाहीच. ते जमलं आमच्या कुत्र्याशी.

पाशा म्हणजे साधं तांबूस रंगाचं गावठी कुत्रं. नामपल्ली स्टेशनाबाहेर ते पिल्लू पावसात भिजत बसलेलं पाहून बाबांनी छत्रीसकट घरी आणलं होतं. बाबा गेले, आणि आई घरात बोलेनाशी झाली. आम्हाला "हो", "नको", "जेवलास का" एवढंच. पण सकाळी बाल्कनीत भाजी निवडत बसली की ती पाशाशी बोलायची. गावाकडची, शेतातली, बाबांची सगळी बोलणी तिथे व्हायची आणि पाशा कान उभे करून ऐकायचा. पाशा होता म्हणून आईचा आवाज आमच्या घरात होता. या उपकाराची जाणीव मला आणि बायकोला दोघांनाही पक्की होती, म्हणून पुढचं सगळं जड गेलं.

कारण पाशा खाजवायला लागला. आधी कान, मग पोट, मग पंजे. खाजवून खाजवून कातडी सोलली गेली, घरभर केस आणि रक्ताचे ठिपके. त्यात पोट बिघडलेलं, एक दिवस बरा तर दोन दिवस गालिचा धुवायचा. बायको बिचारी ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यानंतर फरशी पुसत असे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये. त्यांनी एका परदेशी खाद्याची पिशवी दाखवली. तिची किंमत ऐकून मी ती हलक्या हाताने जागेवर ठेवली. मग आम्ही साधी पिशवी आणली, ती बाधली. दुसरी आणली, तीही बाधली. शेवटी बायको म्हणाली, "झहीराबादला दादाचं शेत आहे. तिथे मोकळा राहील. मला त्याचे हाल बघवत नाहीत हो." ती खोटं बोलत नव्हती. आईने ऐकलं आणि भाजीची परात उचलून ती आत गेली.

त्याच संध्याकाळी मामा आले. पाशाकडे बघत बराच वेळ उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग मला म्हणाले, "जावईबापू, हे लेकरू दिवसभर खाजवायलंय आन् तुम्ही पेपर वाचायलेत. ह्याचं पोट माझ्यावर गेलंय. शेतावर कशाला धाडता? ह्याचं पथ्य माझ्याकडं द्या." त्या घटकेपासून पाशाचं पोट हे मामांच्या पोटाचं शाखा कार्यालय झालं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कुत्र्यांच्या खाद्याच्या दुकानात गेले. भिंग सोबत होतं. पिशवीवर पुढून मेंढीचं मोठं चित्र होतं, मामांनी ती उलटी केली, बारीक अक्षरांवर भिंग फिरवलं आणि दुकानदाराला विचारलं, "मियाँ, सामने बकरा दिखारे, पीछे मुर्गी लिखी. अंदर कौन है?" दुकानदार हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी एकेक करून त्या रांगेतल्या सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. बहुतेकींत कुठे ना कुठे कोंबडी किंवा गहू निघालाच. आमच्या घरात पाशाला लहानपणापासून कोंबडी-भात, दूध-पोळी आणि आईच्या हातचा कणकेचा शेवटचा गोळा. आईच्या माहेरची रीतच तशी, पोळ्या झाल्या की शेवटची लहानशी पोळी दारच्या कुत्र्याची. म्हणजे जे बाधत असावं, तेच आम्ही प्रेमाने भरवत होतो.

मामा पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले. महागाची पिशवी झेपत नाही, दुसरा मार्ग सांगा, असं त्यांनी न लाजता विचारलं, जे मला जमलं नव्हतं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, घरी करा; पण त्याने कधी न खाल्लेलं एक मांस आणि एक कंद, दोनच जिनसा. दोन महिने दुसरा कणही नको. बरा झाला की एकेक पदार्थ देऊन बघू, आणि तोवर मला दाखवत राहा. ठरलं, मासे आणि रताळी. आता मामा जन्माचे शाकाहारी. पण माल बघून घ्यायचा म्हणजे स्वतः, हा त्यांचा नेम. त्यामुळे दर आठवड्याला हा माणूस नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून मासळी बाजारात उभा राही आणि स्वस्तातला ताजा मासा कोणता, हे कोळणींना तेलुगूत विचारी. कोळणींना वाटे म्हातारा आजारी आहे. त्या त्याला आधी मोकळं करत. घरी आई मासा उकडून काटे काढायची, तेव्हा मामा पाठ फिरवून खुर्चीवर बसत आणि मान मात्र दर थोड्या वेळाने वळवत. "विहीणबाई, तो तिकडचा काटा राहिला बघा." आई म्हणायची, "बघायचं नाही म्हणता ना, मग बघता कशाला?" बाबा गेल्यापासून तिने माणसाशी केलेलं हे पहिलं भांडण. बायको आणि मी स्वयंपाकघराबाहेर उभे राहून ते ऐकत असू.

आणि पाशा सुधारला. पोट बांधलं गेलं, पंजे चाटणं थांबलं, सोललेल्या जागी बारीक तांबूस लव आली. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला ती लव दाखवत. बक्षीस म्हणून पाशाला सकाळी फिरवण्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. उजाडलं की दोघं निघत आणि उन्हं तापायच्या आत परत येत. दोघांचे चेहरे फार प्रसन्न असत.

दोनतीन आठवड्यांत खाज परत आली. पहिल्यापेक्षा जास्त. मामांनी घरात चौकशी बसवली. मोलकरणीला विचारलं, मला विचारलं, वॉचमनला खाली जाऊन विचारलं. मग आईपाशी आले. कारण आई अजूनही शेवटची लहान पोळी लाटत होती. "मी खाली रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालते," आई म्हणाली, "पाशाला नाही." मामांनी लाटण्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. आईने लाटणं ठेवून दिलं, आणि त्या दिवसापासून ती पाशाशीसुद्धा बोलेना. रविवारी झहीराबादहून गाडी येणार असं ठरलं.

शुक्रवारी मामांना ताप होता, म्हणून सकाळी पाशाला मी घेऊन निघालो. कोपऱ्यावर आलो तर पाशा उजवीकडे वळेना. त्याने मला डावीकडे ओढलं, रस्ता ओलांडायला लावला, आणि इराणी हॉटेलच्या बाहेरच्या बाकाशी जाऊन पुढचे पाय जोडून बसला. आतून वेटर आला, त्याला ओळखून हसला. "आज बड़े साब नै आए? तबियत ठीक है ना?" मी विचारलं, रोज येतात का. "हौ साब, रोज आते ना. एक चाय, दो उस्मानिया. एक बिस्कुट उनों खाते, एक चाय में डुबाके इसकू खिलाते. बोलते, आधा पेट इसका, आधा मेरा." पाशा त्याच्या हाताकडे बघत होता. मैदा, चहा आणि दूध, तिन्ही एका बशीत.

मी तसाच मामांकडे गेलो. ते पांघरूण घेऊन पडले होते. मी रागाने काही बोलणार होतो, पण पाशाने त्यांच्या अंथरुणावर हनुवटी ठेवली आणि माझं बोलणं मऊ झालं. "मामा, ते बिस्कीट," एवढंच म्हणालो. ते उठून बसले. "चहात बुडवलं की मैद्याचा जोर मरतो, जावईबापू," ते म्हणाले. "मला कुठं बाधतंय? इतकी वर्षं झाली." मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. पाशाचा कान उलटा करून त्यांनी आतली लाल कातडी बघितली. "त्याचं पोट माझ्यासारखं नाही म्हणा की," ते म्हणाले. "खरोखरीचं आहे."

अंगात ताप असताना ते शाल गुंडाळून आमच्या घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. माझ्यासमोर, बायकोसमोर, कपबशा विसळणाऱ्या मोलकरणीसमोर ते ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "विहीणबाई, पोळी तुमची नव्हती. बिस्कीट माझं होतं. रोज चहा पितो मी. बिस्कीट खातो. पोटाला काही होत नाही. उगं बोलत असतो." ज्या आजारावर त्यांची सगळी प्रतिष्ठा उभी होती, तो आजार त्यांनी आमच्या ओट्यापाशी ठेवून दिला. बायको तोंडाला पदर लावून वळली. हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. आईने त्यांच्याकडे बघितलं, गॅसवर आधण ठेवलं आणि म्हणाली, "बसा. चहा करते. आलं चालतं ना तुम्हाला?"

रविवारी गाडी आली नाही. बायकोनेच आदल्या दिवशी भावाला फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. पाशा पुन्हा बरा झाला. पुढे डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याने भात चालला, अंडं चाललं. दूध आणि गहू मात्र कायमचे बंद. त्याचं खाणं आता आमच्या खाण्याहून स्वस्त पडतं. आई बाल्कनीत बसून बोलते, आणि आता ऐकायला कधी कधी पाशाबरोबर मामाही असतात. मामा अजून लग्नाला डबा नेतात. कुणी विचारलं तर पोटाची कहाणी पहिल्यापासून सांगतात, आणि आमच्या घरातलं कुणीही मध्ये बोलत नाही. मला तर ती पुन्हा पुन्हा ऐकाविशी वाटते.

इराणी हॉटेलात ते गेले नाहीत त्यानंतर. मी एकदा म्हणालो, पाशाला घरी ठेवून जा ना, तुमचं बिस्कीट तुम्ही खा. "एकट्यानं काय खायचं," म्हणाले. आता त्यांचे गुडघेही चालू देत नाहीत. पाशाचं तोंड पांढरं झालंय. मामा आले की दारातच आधी हात धुतात, खुर्चीत बसतात आणि दोन्ही रिकामे तळवे पाशापुढे धरतात. पाशा ते सावकाश हुंगतो, एक हात, मग दुसरा. तिथे काही नाही हे कळल्यावरही तो जात नाही. त्यांच्या ओंजळीत हनुवटी ठेवून डोळे मिटतो, आणि मामांच्या पुढ्यातला आईने केलेला चहा निवत राहतो.