फोटोत काही निघालं नाही

माझा थोरला भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला होता. चाळणीच्या मशीनवर. शेतातून आलेलं बी ओतायचं, फुटकं-बारीक वेगळं काढायचं, चांगलं पोत्यात भरायचं. मंठ्याजवळच्या आमच्या गावातून बाहेर पडून पगारी नोकरी करणारा घरातला तो पहिला. दुसरी मी. लग्नानंतर मी बदनापूरला राहत होते आणि तिथल्याच शाळेत शिकवत होते.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट असेल. शाळा सुटल्यावर घरी आले तर दादा ओट्यावर बसलेला. पायात चप्पल नाही, टाचा फुटलेल्या. जालन्याहून रुळाच्या कडेकडेनं चालत आला होता. मी पाण्याचा तांब्या दिला. तांब्या हातात धरून तो नुसता पाण्याकडे बघत राहिला.

"गाडीनं का न्हाई आलास?"

"डब्यातल्या सगळ्यांना म्हाईत झालंय."

"काय म्हाईत झालंय?"

"मशीन माझं नाव घेऊन राह्यलंय, बाई. आठ दिवस झाले."

मला हसू आलं. खरंच आलं. तो चेष्टा करतोय असंच वाटलं, कारण दादा मुळात चेष्टेखोर होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू तिथंच थांबलं.

वडिलांनी त्याला गावी नेलं. आईनं तिला माहीत होते ते सगळे उपाय केले. त्यात वर्ष गेलं. शेवटी माझ्या मिस्टरांनी आणि मी मिळून त्याला जालन्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन वहीत लिहिला, तरी दोनदा चुकला.

गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन. दादाची धावपळ थांबली, पण अंग लाकडासारखं झालं. चालताना हात हलेनात. एकदा मान एका बाजूला ओढली गेली आणि तशीच राहिली. आई किंचाळत शेजारच्यांना बोलवायला पळाली. डॉक्टरांनी त्यावर वेगळी गोळी दिली, मान सरळ झाली. पण आवाज काही गेले नाहीत. औषध बदललं. तीन महिने वाट पाहिली. पुन्हा बदललं. दर खेपेला डॉक्टर विचारायचे, "आवाज?" आणि दादा मान हलवून सांगायचा, आहेत.

त्याच सुमारास वडिलांच्या कानावर आलं की औरंगाबादला डोक्याच्या आतला फोटो काढायचं मशीन आलंय. त्यांनी डॉक्टरांच्या मागं धोशा लावला. "एकदाचं आतलं दिसू द्या, साहेब. न दिसणाऱ्या दुखण्याला औषध तरी कसं लागू पडंल?"

डॉक्टर म्हणाले, "गाठ वगैरे काही नाही ना, एवढं स्कॅनमध्ये कळेल. हा आजार मात्र फोटोत दिसणार नाही." वडिलांनी यातलं पहिलंच वाक्य ऐकलं.

सीटी स्कॅनच्या खोलीत दादा दारातच अडला. तिथल्या माणसानं मला किरणं अडवणारा जड कोट घालायला दिला आणि आत थांबू दिलं. फळीवर झोपलेल्या दादाचा पाय धरून मी उभी राहिले. मशीन घरघरायला लागलं तसा त्याचा पाय माझ्या हातात ताठ झाला. "हे काही बोलून राह्यलंय का?" मी विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. हे गप हाय." आणि डोळे मिटून पडून राहिला.

चार दिवसांनी मोठं पाकीट मिळालं. काळ्या फिल्मवर ओळीनं चौकोन, प्रत्येकात अर्ध्या अक्रोडासारखं काहीतरी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की सगळं नॉर्मल आहे. कागद वाचून दाखवताना मलाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. वडील मात्र आधी खूश झाले आणि गाडीत बसेपर्यंत चिडले. "डोकं बराबर हाय म्हणतेत. मंग हे काय लावलंय यानं इतके दिस?"

गावी गेल्यावर त्यांनी गोळ्या बंद केल्या. फोटोतच काही निघालं नाही तर गोळ्या कशाच्या? आईलाही ते पटलं, कारण गोळ्यांनीच पोराचं लाकूड झालं असं तिचं मत होतं. आणि गंमत अशी की पहिले दोन महिने दादा खरंच बरा दिसला. हात सैल झाले, तो शेतात जायला लागला. वडिलांनी स्थळ बघितलं.

पाहुणे मुलीला घेऊनच घर बघायला आले, त्या दिवशी मी गावी गेले होते. मुलगी वीसेक वर्षांची, बारावी झालेली. ती आणि तिची आई आत बसल्या होत्या, पुरुष बाहेर. त्यांच्यापर्यंत काहीतरी कुजबुज पोहोचलेली असावी, कारण मुलीच्या मामानं आडून विचारलं, "पोराची तब्येत?" वडील उठले, ट्रंकेतून ते पाकीट काढलं आणि फिल्म दाराच्या उजेडात धरली. "हे बघा. मेंदूचा फोटो हाय. डॉक्टरनं लिहून दिलंय, बिलकुल काही न्हाई." सगळे फिल्मकडे बघत होते. नवा सदरा घालून खाली बसलेल्या दादाचे ओठ हलत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जेवणानंतर मागच्या दारी हात धुताना मुलीची आई मला म्हणाली, "तुम्ही मास्तरीण हायेत. खरं सांगा, पोरगा कसा हाय?"

मी सांगितलं. त्याला आजार आहे, औषधं चालू होती, आता बंद केलीत, हेही सांगितलं. माझे हात साबणानं भरलेले होते आणि त्या बाईनं तांब्यातलं पाणी ओतायचं थांबवलं होतं. मग तिनं पाणी ओतलं, माझे हात धुतले गेले, आणि ती आत गेली.

ते स्थळ मोडलं. वडील म्हणाले, "तू सख्खी बहीण असून त्याचं घर बसू दिलं न्हाईस." त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. दादानं मात्र मला सरळ विचारलं, "तूच सांगितलंस ना?"

"हो."

"मला त्या पोरीचा आवाजच ऐकू आला न्हाई, बाई. बाकीचे सगळे एकदमच बोलून राह्यले व्हते."

त्यानंतर तो फार बिघडला. आईच्या हातचं खाईना. तिनं भाकरीत काहीतरी घातलंय म्हणायचा. सालीसकट मिळालेली केळी तेवढी स्वतः सोलून खायचा. अंगावर नुसती हाडं राहिली तेव्हा आईनंच मला निरोप पाठवला. मी जीप करून त्याला औरंगाबादच्या दवाखान्यात भरती केलं.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी फिल्म उजेडात धरली, नीट पाहिली आणि परत दिली.

मी जरा रागानंच विचारलं, "मॅडम, यात काही दिसत नाही, तर मग आजार आहे कुठं?"

"आहे मेंदूतच. पण गाठ किंवा रक्तस्राव दिसतो तसा तो या फोटोत दिसत नाही. कुठलं औषध लागू पडेल हेही फोटो सांगत नाही. ते देऊनच बघावं लागतं."

दोन-तीन औषधांनी गुण आला नाही, तर द्यायचं एक औषध होतं, क्लोझापिन. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं. गावाहून ते जमणारं नव्हतं. मी दादाला बदनापूरला माझ्या घरी आणलं. दर सोमवारी सकाळच्या गाडीनं जालना, रक्त द्यायचं, दुपारी शाळेला हजर. कधी मी, कधी मिस्टर. दादाला दिवसभर झोप यायची, उशी लाळेनं भिजायची. दोन महिने गेले तरी मला फरक दिसत नव्हता. याही औषधाचं तेच होणार असं मी मनात धरून चालले होते.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "भाजीत मीठ जास्त झालंय."

मी आणि मिस्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत तो अन्नाबद्दल, विष सोडून, काही बोलला नव्हता. मी भाजी चाखली. मीठ जास्तच होतं.

"दादा, आवाज?"

त्यानं विचार केला. "हायेत. पण आता त्यांचं त्यांचं बोलतेत. माझ्याशी न्हाई."

वडील बघायला आले तेव्हा दादा अंगणात माझ्या मुलीला सायकल शिकवत होता. जेवताना वडील मला म्हणाले, "सोमवारी रक्त द्यायचं ना? मी नेतो." मागचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

दादा पुन्हा कारखान्यात गेला नाही. तेवढी चपळाई राहिली नव्हती, वजनही फार वाढलं. गावी दोन म्हशी सांभाळू लागला. तपासणी महिन्यावर आली, तेव्हा फाईल पिशवीत घालून एकटा एसटीनं जायला लागला.

दोन हजार सालानंतर एकदा डॉक्टरबाईंनी विचारलं, औषधाचा गुण कुणाला येतो आणि कुणाला नाही, याचा मेंदूच्या फोटोंवरून अभ्यास चाललाय. भाग घ्याल का? हे मशीन नवं, एमआरआयचं. दादानं आधी विचारलं, "माझ्या फोटोवरून कळंल का, आधीची औषधं का लागू पडली न्हाईत ते?"

त्या म्हणाल्या, "एकट्याच्या फोटोवरून नाही सांगता येत. पुष्कळ जणांचे एकत्र बघितले तर थोडे फरक दिसतात. तुम्हाला याचा फायदा होईल असं मी म्हणणार नाही."

वडील म्हणाले, "मंग राहू दे." दादानं मात्र कागद ओढून घेतला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि खाली सही केली. कारण विचारलं तर म्हणाला, "मला हे कुणी पहिल्यांदाच सांगितलं, काय कळणार न्हाई ते."

फोटो काढून बाहेर आल्यावर त्याला भूक लागली होती. स्टँडजवळ आम्ही तिघांनी जेवण केलं आणि मंठ्याची गाडी धरली. संध्याकाळी म्हशींच्या धारा काढायच्या होत्या, त्यामुळे त्याला घाई होती.