प्रेताची सही घेणारा फौजदार

ती घटना आठवली, की आजही माझा हात आधी पोटावर जातो.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. एका मुलींच्या वसतिगृहाच्या मालकीणबाई ठाण्यात आल्या आणि टेबलावर वही आपटली.

"साहेब, खुनाचा कट हाय. माझ्याच!"

वहीत चित्रकथा होती. वरण इतकं पातळ, की बाई पातेल्यात बुडून मेलेल्या. तपासाला ढेरपोट्या फौजदार. पंच मिळेनात म्हणून त्यानं प्रेतालाच उठवून बसवलेलं: "बाई, पंचनाम्यावर सही करा, मग निवांत मरा."

मला आलेलं हसू मी खोकून दाबलं.

वही लोह्याकडच्या एका मुलीची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला महिना उरलेला. बाई म्हणत होत्या, बापाला बोलावून आजच सामान बाहेर. मुलीला बोलावून घेतलं, महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि चौकशी सुरू केली.

"बाबा आले की शिक्षण बंद, सर," ती आधीच म्हणाली.

"मग हे कशाला काढलंस?"

"दिवसभर बेडकाची आतडी पाठ करत बसते. रडू येतं. हे काढलं की खोलीतल्या पोरी लई हसतात. मग परत पाठ होतं."

"आणि हा फौजदार कोण?"

तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. महिला शिपाई खिडकीबाहेर बघू लागली.

"सर, होस्टेलचा कूलर चोरीला गेला तवा तुम्ही आलता. पंच भेटंनात, तर तुम्ही बाईंचीच सही घेतली. फिर्यादीच पंच!"

तिथं प्रकरण फुटलं. आरोपी मी निघालो.

बाईंना म्हटलं, "गुन्हा नोंदवतो. पण वही मुद्देमाल होईल. कोर्टात वाचली जाईल, वरणासकट."

बाईंनी वही ओढून घेतली. "वरण एवढं पातळ न्हाई माझं," त्या म्हणाल्या. "राहू द्या पोरीला."

स्टेशन डायरीत मी लिहिलं: कट नाही, चित्रं आहेत. मुलीनं परीक्षा वसतिगृहात राहूनच दिली.

भूकंपात आम्ही ढिगाऱ्यांतून प्रेतं काढत होतो. चहाच्या वेळी एक शिपाई असलीच थट्टा करायचा. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्यानं थट्टा सोडली, आणि दोन दिवसांनी जेवणही. थट्टेवरच तो तगून होता, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. त्या वहीनं कळलं.

पुढं ठाण्यात मी कुणाची थट्टा थांबवली नाही. पंच मात्र दोन शोधायचो. बाहेरचे, आणि जिवंत.