जपानी ठेचा

बोरी अरब गावात उकंडाच्या मिरची कांडपाच्या गिरणीत शिरलं की माणूस आधी शिंकतो, मग रडतो, आणि मग कशाला आलो होतो ते सांगतो. बायका तर डबा दारातूनच आत सरकवतात. उकंडा मात्र त्या लाल धुळीत दिवसभर उभा. नाकाला फडकं नाही, डोळ्याला पाणी नाही. त्याची बायको सत्यभामा गेली तेव्हाही तो कोरडाच राहिला. गाव म्हणालं, याच्या डोळ्यातलं पाणी मिरचीनं आटवलं. उकंडानं ते कधी खोडून काढलं नाही. रडू येत नव्हतं असं नाही, पण लोकांनी कारण देऊनच टाकलं होतं, मग आपण कशाला तोंड उघडायचं?

त्याची एकुलती एक पोरगी दीपा यवतमाळात नर्स. ती नागपूरला जाऊन जपानी भाषा शिकली आणि तिनं जपानातल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळवली. सगळं बापाला सांगून केलं, पण बापानं दरवेळी ‘पाहू न’ एवढंच म्हटलं. आता सोमवारी तिकडे होकार कळवायचा होता, आणि बापाच्या तोंडून ‘जाय’ निघाल्याशिवाय दीपा कळवणार नव्हती. तीही त्याचीच पोरगी. शेवटी रविवारी तिनं त्याला यवतमाळात जपानी हॉटेलात जेवायला बोलावलं. मी तिकडे काय खाईन ते तरी पाहून घ्या म्हणाली.

उकंडा पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून आला. जपान म्हणजे बुद्धाचा देश, त्या देशाचं जेवायचं तर विहारात जातो तसंच जायला पाहिजे, असा त्याचा सरळ विचार. चपला त्यानं बाहेर पायरीवर काढल्या. दीपा म्हणाली, इथं सगळे चपला घालूनच बसतात. बसू दे त्यांना, उकंडा म्हणाला.

हॉटेल म्हणजे आसिमच्या बापाचं जुनं गॅरेज. आसिम पुण्याला जपानी स्वयंपाक शिकून आला, फरशीवरचे ऑइलचे डाग घासून घासून थकला आणि शेवटी त्या डागांवरच टेबलं मांडून मोकळा झाला. दाराशी लाल कागदाचा कंदील लटकत होता. दिवाळी कधीची आटोपली अन् या पोट्ट्यानं अजून आकाशकंदील उतरवला नाही, हे उकंडाच्या नजरेतून सुटलं नाही.

आधी मोठ्या वाडग्यात रश्शात बुडालेल्या शेवया आल्या, वर अर्धं उकडलेलं अंडं. सर्दीला बरं आहे, असं उकंडाचं मत पडलं. मग काळ्या पानात गुंडाळलेला भात आला, पेढ्याएवढाले तुकडे, आत काकडी. आणि ताटलीच्या कडेला हिरव्या ठेच्याचा एक गोळा. उकंडाचा चेहरा खुलला. चला, एवढ्या परक्या ताटात कुणीतरी ओळखीचं भेटलं. आसिम सांगायला आला की काका, ही वसाबी, काडीच्या टोकाएवढीच घ्यायची असते. कांडपवाल्याला तिखट शिकवणारा हा कोण टिकोजी? उकंडानं अख्खा गोळा भातावर ठेवला आणि घास तोंडात टाकला.

जिभेला काही झालं नाही. फिका आहे, असं तो म्हणणारच होता, तेवढ्यात ते प्रकरण नाकातून थेट टाळूत चढलं. इतक्या वर्षांत मिरची या रस्त्यानं कधी आली नव्हती. डोळ्यांतून धारा लागल्या. आसिम पाणी घेऊन धावला. दीपाचा चेहरा उतरला. बापाला रडताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

तिनं त्याचा हात धरला. “बाबा, तुम्ही नाई म्हणसान तं मी नाई जात.”

उकंडानं नाक पुसलं. किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी पोरगी इथंच राहिली असती. रोज संध्याकाळी तिचा फोन येई आणि त्या फोनच्या आशेवरच त्याचा दिवस निघे. ही आता परक्या मुलखातल्या कुणा म्हाताऱ्याला घास भरवायला जाणार. खरं सांगायचं तर त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा उकंडाला भारी हेवा वाटत होता. पण ड्यूटी करून, जागून जागून पोरगी ती भाषा शिकली, ती काय बापाचे डोळे पुसत बसायला?

रडतो कोण, तो ठेचा नाकात गेला, असं त्यानं दीपाला सांगितलं. आणि आसिमला म्हणाला, अजून एक गोळा आण. आसिम नाही नाही म्हणत होता, पण उकंडानं आणायलाच लावला. ताटली पुढे ओढली, भाताचा तुकडा हातात घेतला आणि दीपाकडे न पाहता बोलला, “जाय. उद्याच कळवून टाक.”

बोलता बोलता पुन्हा धार लागली, आधीपेक्षा मोठी. या वेळी त्यानं पुसलीही नाही.

“लय तिखट हाय बाप्पा,” तो म्हणाला.

दीपानं ताटलीकडे पाहिलं. दुसरा गोळा होता तसाच होता, त्याला बोटही लागलं नव्हतं. तिनं पाण्याचा गिलास बापापुढे सरकवला.

“हो बाबा,” ती म्हणाली, “लयच तिखट हाय.”