खाणीतला खालचा पंप

खाण तांब्याची असली तरी तिच्यातून तांबं थोडं आणि बिनकामाचा दगड जास्त निघतो. आमचंही तसंच झालं. उमेदीची वर्षं त्या डोंगराच्या पोटात घातली आणि हिंगोलीला परत येताना हाताशी उरले ते किस्से! एस.टी. डेपोसमोर चहाला बसलो की कुणीतरी एक काढतो, त्याला लागून दुसरा निघतो.

आम्ही चौघे. साखऱ्याचे मी आणि नामदेव, कळमनुरीचे गफूरभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ युसूफ. मूळचे विहिरी खोदणारे, सुरुंग लावण्यात हात बसलेला, म्हणून एका ठेकेदारानं परमुलखातल्या त्या जुन्या खाणीवर नेलं. गेलो चौघे, आलो तिघे. युसूफ आतच राहिला. त्याला बाहेर काढून कळमनुरीच्या मातीत ठेवायचं, एवढं एकच गफूरभाईंच्या डोक्यात होतं.

तरी आधी हसण्यातलं सांगतो.

*

आपल्याकडे काळा दगड कसा, थरावर थर आडवा निजलेला. तिथं तांब्याचा पट्टा दोन खडकांच्या मधून तिरपा खोल उतरलेला, आणि त्याचा माग काढत माणसांनी एकाखाली एक कोरलेले बोगदे. प्रत्येक बोगद्याला लेव्हल म्हणायचं.

पहिल्याच दिवशी जिऑलॉजिस्ट साहेबांनी कौतुकानं भिंतीवर हात ठेवला. "हा खडक तुमच्याकडच्या काळ्या दगडाहून कितीतरी पटींनी जुना आहे!"

नामदेवनं मान वर करून छताकडे बघितलं. "साहेब, आमच्या आज्याचा गोठा बी लई जुना. म्हणून तर बैल बाहेर बांधून राहिलो!"

सगळ्यात मोठ्यानं युसूफ हसला होता.

*

तांबं किती खोल गेलंय ते बघायला ड्रिल मारून दगडाच्या लांब गोल कांड्या काढतात आणि लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवतात. साहेबांचा या पेट्यांवर भारी जीव! एकदा त्यातली एक कांडी गायब झाली. साहेब वेड्यासारखे शोधत होते.

पुढं एका रविवारी ते आमच्या खोलीवर जेवायला आले. नामदेवच्या हातच्या ठेच्याची त्यांनी फार तारीफ केली आणि हात धुवायला उठले, तर मोरीजवळ पाट्यावर त्यांची कांडी! नामदेवनं वरवंटा केला होता. ठेचा वाटून वाटून एक बाजू पार झिजलेली.

आम्हाला वाटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी कांडी उचलली, उजेडात धरली आणि खाली बसले.

"खालच्या लेव्हलला तांबं शिल्लक असल्याचा हा एकच पुरावा होता रे," ते म्हणाले. "आणि मी तो भाकरीबरोबर खाल्ला!"

*

खाणीत सगळीकडे निळं पाणी झिरपायचं. नामदेवनं ओळखलं, हे तर मोरचूदाचं पाणी! आपण पिकावर बुरशीसाठी मोरचूद मारतोच की. गावाकडे हळदीला कंदकूज लागली होती. पठ्ठ्यानं सुट्टीवर जाताना प्लॅस्टिकचा कॅन भरून नेला.

त्याच्या वडिलांनी ते लोखंडी बादलीत ओतून ठेवलं आणि सकाळी हळदीला घातलं. हळद जळून गेली. बादलीला आतून तांबडा थर चढला आणि बुडाला भोकं पडली.

"हळद गेली ते गेली, बादली बी खाल्ली लेका त्यानं! हे पाणी पिऊन राहिलात का तुमी तिथं?"

"न्हाई बाबा," नामदेव म्हणाला. "त्यात उभं राहून काम करून राहिलो."

हे सांगताना तो अजून हसतो. वडील हसले नव्हते. त्यांनी त्याचे पाय बघायला मागितले होते.

*

आता युसूफचं. सुरुंग उडाला की पहारीनं छत ठोकायचं, सैल दगड आवाजावरून कळतो, तो आधी पाडायचा. हे काम युसूफचं, आणि त्याचा कान पक्का. त्या दिवशी आवाज बरोबर आला आणि छत तरीही आलं.

रेस्क्यूवाले आत गेले, पण वरून दगड येतच राहिले. शेवटी साहेबलोकांनी काम थांबवलं आणि त्या बोगद्याच्या तोंडाला काँक्रीटची भिंत घातली.

गफूरभाईंनी खालच्या पंपावरची ड्युटी मागून घेतली. पंप त्या भिंतीजवळच. आत साचणारं पाणी तो वर फेकायचा, म्हणून भिंतीपलीकडे कोरडं होतं. युसूफला बाहेर काढलं का, हे विचारायला कळमनुरीहून आईचा फोन आला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "हौ अम्मा, काम चालूच है."

आणि तिचंही ठरलेलं. "दोनों मिलकेच आना."

*

मग खाण बंद करायचा हुकूम आला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. "तांबं संपलं. खालचा पंप आता बंद करू, पाणी हळूहळू चढेल. खाणीत काहीच शिल्लक नाही."

"हाय ना साहेब," गफूरभाई म्हणाले. "मानूस हाय."

मोठ्या साहेबांनी हुकुमाचा कागद खिशात घातला. "गफूर, जरा प्रॅक्टिकल व्हा."

मला त्या शब्दाचा अजून राग येतो.

*

पंप बंद करायच्या दिवशी मी वाइंडरवर होतो, म्हणजे माणसं आणि माल नेणारा पिंजरा वर-खाली करणाऱ्या मशीनवर. पिंजऱ्यात काय आहे ते खालचा माणूस घंटीनं कळवतो. मालाची घंटी वेगळी, माणसाची वेगळी. माल असला की जोरात ओढायचं, माणूस असला की हळू. खाली एकटे गफूरभाई होते. ते वर आले की मोठे साहेब पंपाचा स्विच पाडणार, असं ठरलं होतं.

माणसाची घंटी आली. मी हळू ओढलं. पिंजरा वर लागला, नामदेवनं जाळी उघडली. आत कुणीच नव्हतं!

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

तेवढ्यात पिंजरा परत खाली सोडायची घंटी आली. मी सोडला. थोड्या वेळानं पुन्हा माणसाची घंटी. या खेपेला गफूरभाई वर आले. हेल्मेट काढलं, साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे आले.

"धाकट्याला आधी पाठवलं," ते म्हणाले. "आला ना बराबर?"

"आला, गफूरभाई," मी म्हणालो. "हळूच आणला."