रांगेतली शेवटची जागा

फौजेतून नायक म्हणून पेन्शनीवर आलो आणि वर्षभरात कुवेत गाठलं. एकोणीसशे साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका बांधकाम कंपनीच्या गोदामावर मी स्टोअरकीपर होतो. रत्नागिरीकडचे आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज, मग मच्छीभात, मग झोप, असा नेम.

एका शुक्रवारी जेवण चालू असताना दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. बंदरावर वेल्डर म्हणून नवा लागला होता.

"नायक दाऊद तुम्हीच ना?"

"हो."

"मी युसुफ. हसनचा धाकटा भाऊ."

मी ताटावरून उठलो. त्याला बसायला जागा करून दिली. तो बसला, पण जेवला नाही.

"तुमचं पत्र अम्माला मीच वाचून दाखवलं होतं," तो म्हणाला. "हसन क्षणात गेला, त्रास झाला नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. खरं आहे ते?"

मी म्हटलं, "आधी सगळं ऐक." त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

फौजेतली आमची कंपनी काश्मीरच्या वरच्या भागात होती. कोकणातली पोरं आम्ही, बर्फ पहिल्यांदा तिथेच पाहिला. मला आणि हसनला स्कीच्या ट्रेनिंगला पाठवलं. खाडीत होडी हाकणाऱ्याला तोल सांभाळणं अवघड जात नाही. दोन हिवाळ्यांत आम्ही पेट्रोलवर, म्हणजे बर्फातल्या गस्तीवर, जाण्याइतके तयार झालो. हसन लान्स नायक होता. माझ्यापेक्षा चांगला स्की चालवायचा.

फेब्रुवारीत खिंडीवरच्या चौकीतून वायरलेस आला. अकरा जवान, त्यांतले दोघे न्यूमोनियाने पडलेले. औषध संपलं, रॉकेल दोन दिवसांचं उरलं. आम्ही चौघे निघालो. आमचे कमांडर जमादार पवार, मी, हसन आणि वायरलेसवाला यशवंत. पेनिसिलिनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून जमादारसाहेबांनी त्या शर्टाच्या आत बांधल्या. रॉकेलचे डबे आमच्या पाठीवर.

पहिला मुक्काम अर्ध्या वाटेवरच्या दगडी झोपडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाहेर आलो तेव्हा वारा पूर्ण पडला होता. थंडी एकाएकी कमी झालेली. सूर्याभोवती खळं होतं. आदल्या संध्याकाळी झोपडीवर घिरट्या घालणारे काळे पक्षी खालच्या रानात उतरले होते. आम्ही स्कीच्या फळ्यांना मेण लावत बसलो. मोठं वादळ यायच्या आधी डोंगर असाच गप्प होतो, हे चौघांनाही माहीत होतं.

आठ वाजता यशवंतने वायरलेसवर खालचा बेस कॅम्प पकडला.

"वादळ संध्याकाळी सहाच्या सुमारास. फार मोठं आहे, तीन दिवस चालेल. पुढे की मागे, निर्णय पेट्रोल कमांडरचा. ओव्हर."

जमादारसाहेबांनी मला विचारलं, "दाऊद, काय म्हणतोस?"

"आत्ता निघालो तर तीनपर्यंत वर पोचतो, साहेब. परत फिरलो तर ते दोघे वाचत नाहीत."

"बांधा फळ्या."

चौकीच्या अलीकडे एक आडवा उतार लागायचा. चारशे यार्ड. वर ताज्या बर्फाचा थर, खाली नाला. तिथे एका वेळी एकानेच जायचं. शेवटचा माणूस सगळ्यांत अनुभवी हवा, कारण तिघांच्या फळ्यांनी तोवर बर्फ कापला गेलेला असतो. ती जागा माझी होती. पण आदल्या दिवशी पडून माझा गुडघा सुजला होता.

हसन म्हणाला, "दाऊदभाई, तुम्ही पुढे व्हा. शेवटी मी येतो."

मी "बरं" म्हटलं.

जमादारसाहेब गेले. यशवंत गेला. मी पलीकडे पोचलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मागे वळून हात दाखवला. हसन निघाला. तो मध्यावर होता तेव्हा खिंडीतून वारा आला. वादळ चार तास आधी आलं. हसन दिसेनासा झाला. मग पायाखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि उताराचा खालचा अर्धा भाग सरकून नाल्यात गेला.

आम्ही ओरडलो. उत्तर नाही. मग खालून शिट्टी ऐकू आली. तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा. जिवंत होता.

मी उताराकडे वळलो. जमादारसाहेबांनी माझी कॉलर धरली.

"वरचा अर्धा अजून लटकतोय. तू पाय ठेवलास की तो खाली येणार. तुझ्यावर आणि त्याच्यावर."

"साहेब, तो बोलावतोय."

"मला ऐकू येतंय. औषध वर जाणार. हुकूम आहे."

मी दोन पावलं पुढे टाकली आणि थांबलो. शिट्टी वीस मिनिटं ऐकू येत होती. मी घड्याळ पाहत होतो. नंतर वाऱ्यात काहीच ऐकू येईना. आम्ही वर निघालो. चार वाजून दहा मिनिटांनी चौकीत पोचलो. जमादारसाहेबांनी स्वतःच्या हाताने इंजेक्शनं काढून दिली, मग भिंतीकडे तोंड करून बसले. ते दोघे आजारी जवान वाचले.

वादळ तीन दिवस चाललं. पाचव्या दिवशी हसन सापडला. उजवा पाय मांडीत मोडलेला. लोंढ्याने त्याला टाकलं होतं तिथून तो चाळीस पावलं दूर होता.

इतकं सांगून मी थांबलो. युसुफने विचारलं, "दूर म्हणजे कुठे? नाल्याकडे?"

"नाही. वर."

"मोडक्या पायाने?"

"हो."

"म्हणजे तुम्ही तिथे आहात असं समजून तो येत होता."

मी मान हलवली. युसुफ उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मी जिन्यापर्यंत गेलो. त्याने मागे पाहिलं नाही.

पुढचे तीन शुक्रवार तो आला नाही. मी त्याला शोधायला बंदरावर गेलो नाही. चौथ्या शुक्रवारी तो मशिदीच्या दाराशी माझी वाट पाहत उभा होता.

"अम्माला कळवणार नाही," तो म्हणाला. "तिच्याकडे तुमचं पत्र आहे, ते राहू दे."

"तुझा राग असेल तर बोल, युसुफ."

"आहे. पण कुणावर, ते अजून ठरत नाही." मग त्याने विचारलं, "दफन कुणी केलं?"

"आख्ख्या कंपनीने. जनाज्याची नमाज पढायला आम्ही तिघेच मुसलमान होतो. बाकीचे मागे रांगेत उभे राहिले. कबरीची जमीन इतकी गोठली होती की आधी शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. पहिलं फावडं जमादारसाहेबांनी मारलं."

युसुफने डोळे पुसले. आम्ही आत गेलो. नमाजनंतर दुआला हात वर केले तेव्हा तो हळूच म्हणाला, "नाव तुम्ही घ्या. फौजेत घ्यायचे तसं."

मी घेतलं. लान्स नायक हसन इस्माईल. वय चोवीस.