सुप्रियाचं लगीन एका कॅसेटीत

"फीत पळू द्या, चेहरा दिसंल," असं लग्नांचं शूटिंग करणारे अंथुर्ण्याचे सर्जेराव प्रत्येक मांडवात सांगायचे. तीन तासांच्या कॅसेटीत ते तीनच तास भरायचे. फीत निम्म्या वेगानं चालवली तर सहा तास मावतात, पण चित्र पुसट येतं, हे ते कुणी न शिकवता शिकले होते. कॅमेऱ्यावर त्यासाठी बटण होतं. पाच वर्षांत त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं.

शहाण्णव साली इंदापुरात गोकुळनं नवा कॅमेरा आणला आणि पार बारामतीपर्यंतची लग्नं त्याच्याकडं गेली. त्याच्या दुकानावरून जाताना सर्जेराव मान वळवायचे नाहीत; पण आत किती गिऱ्हाइकं बसलीत, ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

गावातल्या मोहनरावांच्या सुप्रियाचं लग्न ठरलं. सर्जेरावांनी बोटांवर अंदाज मांडला. हळद एक तास. टॉवेल-टोपीचे सत्कार दीडशे, माणशी अर्धा मिनिट, म्हणजे सव्वा तास. एक पाहुणा गाळला तरी रुसवा. वरात दीड तास. लग्न आणि पाठवणी पावणेदोन.

"साडेपाच तास. दोन कॅसेटी लागत्याल."

"गोकुळ एकीत बसवतो म्हणं," मोहनराव म्हणाले. "तुमच्याच्यानं हुत नसंल तर तसं सांगा."

"का न्हाय हुणार? त्यो बसवतो, तर मीबी बसवीन!"

आणि लग्नात त्यांनी ते बटण दाबलं.

आठवड्यानं ओसरीवर सगळे जमले. कॅसेट दाखवायला आणलेल्या भाड्याच्या जुन्या मशीनला वेग एकच, पळता. पाहुणे तुरुतुरु आले, टोप्या फटाफट डोक्यांवर बसल्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाठवणीत सुप्रिया आईच्या गळ्यात पडली न पडली तोच गाडीत.

आई, भामाबाई, हसली नाही. "लेकीचं तोंड तरी दिसू द्या की वो."

मोहनरावांनी गोकुळला बोलावणं धाडलं. तो आपलं मशीन घेऊन आला आणि सर्जेरावांना म्हणाला,

"तात्या, संथ फितीला मशीनबी तसंच लागतं. मी लग्नाच्या कॅसेटीसंगं चार दिस माझं मशीन देतो."

टोमणा मारला असता तर सर्जेरावांनी परतवला असता. तो अदबीनं बोलला, तेच झोंबलं.

चित्र पुसट होतं, पण सुप्रिया आता सावकाश रडली. भामाबाईनं टीव्हीच्या काचेवरून हात फिरवला. "गोकुळ, लई उपकार झालं रं बाबा."

ते रडणं सर्जेरावांनी टिपलं होतं. त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि कालव्याच्या वाटेला लागले. ओसरीवरच्या सगळ्या नजरा टीव्हीवर होत्या. उंबऱ्यात उभा राहून त्यांच्याकडं बघत होता तो एकटा गोकुळ.