तिच्या हातची हळद

"नवरा गेला माझा. कपाळ न्हाई गेलं."

कुणी कुंकवाकडे टक लावून पाहिलं की ती एवढंच म्हणायची आणि पदर आणखी मागे सारायची, म्हणजे पाहणाऱ्याला नीट दिसावं.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, आणि तिच्यावर टपलेली माणसंही असतीलच. आमचं गाव वसमतकडचं, हळदीचं. नव्वदच्या आसपास मी लग्न होऊन तिच्या शेजारी आले, तेव्हा सासूनं आपलं घर दाखवायच्या आधी तिचं घर दाखवलं. तिकडं जायचं नाही, म्हणाली. विधवा बाई ठसठशीत कुंकू लावते, हा तिचा गुन्हा. दुसरा एखादा असता तर गावानं तो जास्त आवडीनं सांगितला असता.

या गुन्ह्याचे न्यायाधीश म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. गळ्यात माळ, तोंडात नाम आणि डोळे बायकांच्या घोळक्यावर. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि आजही आवडत नाही. सप्ताहाच्या पंगतीला तिनं दिलेलं पीठ त्यांनी परत पाठवलं. संक्रांतीचं वाण तिच्या दारावरून पुढं जायचं. पण हळद निघाली की त्यांच्याच शेतातून तिला बोलावणं यायचं. उकळत्या कढईच्या वाफेत उभं राहायला सोवळ्यातलं कुणी तयार नसायचं ना! हळद शिजवायची, उपसायची, वाळत घालायची, सगळं तिच्यावर. हंगामभर तिचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे.

एकदा न राहवून मी म्हणाले, पुसून टाकलंत तर सुटाल तरी. ती रागावली नाही. "लहानपणी मायनं लावलं हे. नवरा तर मागून आला," म्हणाली आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. तिला रागावलेली मी कधीच पाहिली नाही. तिच्या वाट्याचा रागही मलाच आला असावा.

तिच्या एकुलत्या पोरीचं लग्न जवळा बाजारला ठरलं. हळदीच्या दिवशी अध्यक्ष मांडवात हजर. आईनं आत बसायचं, हळदीला हात लावायचा नाही, नाहीतर गावातली एकही सवाष्ण उभी राहणार नाही, असं त्यांनी सुनावलं. वर उपकार म्हणून, या घरची हळद नको असं सांगत, स्वतःच्या घरची हळकुंडं दळून वाटी भरून आणलेली. पोरगी पाटावर बसल्या जागी रडायला लागली.

ती बाहेर आली. कुंकू नेहमीपेक्षा मोठं. वाटी उचलून घेतली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मामा, ही तुमच्या शेतातली हाय. कढईतून म्याच काढली. इटाळ झाला असंल तर घरातली सारी फेकून द्या. डब्यातली बी."

अध्यक्षांनी माळ चाचपली आणि चालू लागले. त्यांच्यामागं सवाष्णी एकेक करून निघाल्या. तिनं पोरीच्या गालांना, हातापायांना हळद लावली. मग मी लावली. बाकी कुणी आलं नाही, पण पोरगी हसली. घरी सासूनं माझी चांगली खरडपट्टी काढली. काढू दे.

पुढं काही वर्षांनी ती गेली. हळदीचाच हंगाम, ताप अंगावर काढलेला. आम्ही बायका तिला आंघोळ घालत होतो, तर अध्यक्षांनी बाहेरून फर्मावलं, कुंकू पुसा. मी नको म्हणाले, मला बाजूला सारलं गेलं. जिवंतपणी गावाला जे जमलं नव्हतं, ते एका ओल्या फडक्यानं झालं. हात मात्र साबणानं घासले तरी पिवळेच राहिले. तेव्हा ते पांढऱ्या कापडाखाली झाकून टाकले.

पोरगी जीपनं आली. पुसलेलं कपाळ तिनं पाहिलं. मग कापड सारून आईचे दोन्ही हात वर काढून ठेवले. "झाकायचे न्हाईत," एवढंच म्हणाली. पुढं व्हायची कुणाची छाती झाली नाही. तिची आई तशीच गेली, हात उघडे ठेवून.

संध्याकाळी अध्यक्षांच्या घरून वरणाला फोडणी दिल्याचा वास आला. हळद त्याच डब्यातली.